नॅसमधली डिस्क गेली? ट्रे ओढण्याआधी सिरीयल नंबर बघा

पावसाला सुरुवात झाली, लाईट ये-जा करू लागली, की फोंडा-म्हापशाच्या फोटो स्टुडिओंतले नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेले अनेक डिस्कचे साठवणीचे डबे, बीप-बीप करायला लागतात. स्क्रीनवर 'डिग्रेडेड' (डिस्क कमी झाली, पण काम चालू) दिसलं म्हणून घाबरू नका. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून डेटा ठेवायची पद्धत. रेड 1 आणि रेड 5 मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत असतो, रेड 6 मध्ये दोन गेल्या तरी. रेड 0 असेल तर मात्र पुढचं वाचून उपयोग नाही.

पहिलं काम बॅकअप. रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं) होताना उरलेल्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्या बहुधा गेलेल्या डिस्कबरोबरच घेतलेल्या, तेवढ्याच जुन्या. दुसरी जायची ती याच वेळी जाते. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, अशी लग्नं-मुंजी आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या.

मग नेमकी कुठली डिस्क गेली ते शोधा. घात इथेच होतो. काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतात आणि डब्यावरचे आकडे एकपासून असतात. म्हणजे स्क्रीनवरची 'डिस्क 2' डब्यात तिसरी निघते. रेड 5 मध्ये घाईने चांगली डिस्क ओढलीत तर सगळा अ‍ॅरे (डिस्कचा एकत्र संच) बसतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा सिरीयल नंबर कागदावर उतरवा आणि डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा. स्टिकर ट्रे काढल्याशिवाय दिसत नसेल तर नॅस रीतसर बंद करा, एकेक ट्रे काढून बघा आणि होता त्याच खणात परत घाला. उघडलंच आहे तर प्रत्येक ट्रेवर शेवटचे चार आकडे पट्टीवर लिहून चिकटवा.

स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, तीही बघा. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर डिस्क गेलीच म्हणा. फक्त सीआरसी एरर (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असतील तर संशय केबलवर किंवा कनेक्टरवर घ्या. कांदोळीसारख्या किनारी भागात खारी हवा धातूच्या टोकांना खाते.

नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. किंचित कमी भरली तरी नॅस ती नाकारू शकतो. सीएमआर (डेटाच्या रेषा वेगवेगळ्या लिहिणाऱ्या) प्रकारचीच मागा. एसएमआर (रेषा एकमेकींवर चढवून लिहिणारी) स्वस्त पडते, पण रिबिल्डमध्ये रडवते.

हॉट-स्वॅपची सोय असेल तर चालू नॅसमध्ये बदलता येते, नाहीतर बंद करूनच. घामेजले हात पुसा, ट्रे थोडा बाहेर ओढा, आतली तबकडी थांबेपर्यंत अर्धा मिनिट थांबा आणि मग पूर्ण काढा.

नवी डिस्क बसवल्यावर काही नॅस स्वतःच रिबिल्ड सुरू करतात, काहींत 'रिपेअर' दाबावं लागतं. नवा अ‍ॅरे बनवण्याचा पर्याय चुकूनही दाबू नका, आहे तेही जाईल. 4 टीबीची डिस्क सेकंदाला 150 एमबीच्या वेगाने भरली तरी साडेसात तास लागतात, आणि त्यात कुणी व्हिडिओ एडिट करत बसलं तर दुप्पटही. नॅस यूपीएसवर हवाच, आणि त्याची बॅटरी खरंच तग धरते का ते रिबिल्डच्या आधी तपासा. रिबिल्ड संपलं की एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चालवा.

जुनी डिस्क वॉरंटीत असेल आणि अजून चालत असेल तर तिच्यावरचा डेटा पुसून पाठवा. भंगारात द्यायची असेल तर आधी ड्रिलने तबकड्यांना भोकं पाडा. रेड 1 च्या एकट्या डिस्कवरही गिऱ्हाइकांचे सगळे फोटो असतात.