फिल्टर बोलत नाही? सिंथवर या चुका टाळा

पाऊस ओसरायला लागला की बडोद्यात गरब्याच्या तालमी सुरू होतात, आणि दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवर सिंथ, म्हणजे सिंथेसायझर कीबोर्ड, काखोटीला मारून मुलं येऊ लागतात. तक्रार दरवर्षी तीच. "दादा, एन्व्हलपचा नॉब पूर्ण फिरवला, आवाज तसूभर बदलत नाही." जाऊन बघावं तर कटऑफ पार वर.

अरे, कटऑफ म्हणजे फिल्टर जिथून कापायला लागतो ती सीमा. लो-पास फिल्टर तिच्या वरचे उपस्वर (मूळ स्वरात मिसळलेले वरचे बारीक स्वर) कापतो आणि एन्व्हलप त्या कटऑफला थोडा वेळ वर उचलतो. कटऑफच छताला टेकवून ठेवलास, तर एन्व्हलपने त्याला कुठे न्यायचं? आधी कटऑफ खाली आण. आवाज गोधडीतून आल्यासारखा दबला पाहिजे. मग एन्व्हलपचा नॉब हळूहळू वाढव, लगेच फरक कळेल.

मी नवा आवाज बांधताना उपस्वरांनी भरलेली सॉ वेव्ह घेतो. रेझोनन्स (कटऑफजवळचा भाग उठवणारा नॉब) शून्य, रिव्हर्ब (खोलीसारखी गुंज) बंद. आवाजाच्या पातळीचा एन्व्हलप ऑर्गनसारखा ठेवतो, म्हणजे अटॅक (चढायचा वेळ) शून्य आणि सस्टेन (पट्टी दाबून धरल्यावर टिकणारी पातळी) पूर्ण, म्हणजे जे ऐकू येतं ते फक्त फिल्टरचं. फिल्टरच्या एन्व्हलपचा सस्टेनही शून्य. आता स्वर शेवटी जिथे येऊन विसावायला हवा तिथे कटऑफ लावतो, आणि उघडण्या-मिटण्याचं काम त्यानंतर करतो. रिव्हर्ब लावून बसलेल्या मुलांना मी पहिल्यांदा तो काढायला लावतो. त्यांना राग येतो, पण रिव्हर्बमध्ये चुकीचा डिकेही (सस्टेनपर्यंत उतरायचा वेळ) गोड लागतो आणि मैदानात तो उघडा पडतो.

सस्टेन ही वेळ नाही, पातळी आहे. अटॅक, डिके आणि रिलीज (बोट उचलल्यावर मिटायला लागणारा) या वेळा. एवढं पाठ करा.

साइन वेव्हवर फिल्टर लावून तास घालवू नका. तिच्यात वरचे उपस्वरच नसतात, कापायचं काय?

आता ज्या चुकीने माझी एक अख्खी रात्र खाल्ली, ती सांगतो. नवरात्राची तिसरी-चौथी रात्र होती, मी एका ग्रुपमध्ये सिंथवर बेस वाजवत होतो. घरी सावकाश वाजवताना प्रत्येक स्वर छान 'टँव' करून उघडत होता. मैदानात लय चढली आणि ओळीतला पहिला स्वर तेवढा उघडायचा, पुढचे पाच नुसते घुमायचे. मी एन्व्हलपचं प्रमाण वाढवलं, तर पहिला स्वर आणखी टोचायला लागला आणि बाकीचे तसेच राहिले. साउंडवाल्याने बेस वर केला, मग नुसता घुमारा. ढोलवाला वळून वळून माझ्याकडे बघत होता, कारण त्याला माझ्या बेसमधून मात्राच सापडत नव्हती. आरतीच्या वेळी हेडफोन लावून बसलो तेव्हा कळलं. पॅच (सिंथवर बांधलेला आवाज) मोनो, म्हणजे एका वेळी एकच स्वर, आणि लेगाटोवर होता. लय वाढली की माझं एक बोट उठायच्या आत दुसरं पडत होतं, आणि लेगाटोमध्ये अशा जोडून आलेल्या स्वरांना एन्व्हलप पुन्हा सुरूच होत नाही. प्रत्येक स्वराला एन्व्हलप नव्याने सुरू करणारं रीट्रिगरचं एक बटण दाबलं आणि बेस बोलायला लागला.

हा यंत्राचा बिघाड नव्हे. 1970 च्या मिनीमूग या मूगच्या सिंथची रचनाच अशी आहे, आणि मींड काढायची असेल तर मी आजही लेगाटोच ठेवतो. पण ठेक्यावरच्या बेसला रीट्रिगर हवा. घरी तपासताना मुद्दाम बोटं एकावर एक चढवून वाजवून बघा. सावकाश वाजवून "जमलं" म्हणणाऱ्यांचं मैदानात हमखास फसतं.

डिकेचा हिशोबही लयीवरून करायचा. 60,000 ला मिनिटातल्या मात्रांनी भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. मिनिटाला 240 मात्रा असतील तर मात्रा 250 मिलिसेकंदांची. तिथे 600 चा डिके ठेवला तर फिल्टर मिटायच्या आत पुढचा स्वर येतो आणि सगळंच उघडं राहतं. मी मात्रेच्या थोडा आत थांबतो.

एलएफओ (कटऑफ संथपणे वर-खाली झुलवणारा भाग) टेम्पोला बांधणाऱ्यांची वेगळी गफलत होते. गरब्याचा हींच ताल सहा मात्रांचा. मात्रा म्हणजे एक एट्थ नोट धरली, तर क्वार्टरवर (दोन मात्रा) बांधलेला एलएफओ आवर्तनात तीनदा फिरतो, आणि ढोलाचे ठोके पहिल्या-चौथ्या मात्रेवर. दोघांची भांडणं होतात. डॉटेड क्वार्टर (तीन मात्रा) घ्या, बरोबर दोन फेऱ्या होतील.

रेझोनन्स वाढवला की बेस पातळ होतो, मूगच्या धर्तीच्या लॅडर फिल्टरवर तर फारच. फिल्टरचा रिलीज लांब आणि आवाजाचा आखूड असेल, तर तो लांब रिलीज ऐकूच येणार नाही. वरच्या सप्तकातले स्वर मंद वाटले तर की-ट्रॅकिंग (स्वर वर गेला की कटऑफही वर नेणारी सोय) वाढवा. बाहेरून नॉबने कटऑफ फिरवताना पायऱ्या ऐकू येत असतील, तर साध्या मिडीत (वाद्यांना आपसात संदेश देणारी पद्धत) 128 च टप्पे असतात हे लक्षात घ्या आणि संथ फिरकी सिंथच्या आतल्या एलएफओला द्या.

ॲसिड हाउस या नाचाच्या संगीताचे प्रीसेट (आयते आवाज) मागायला येणाऱ्यांशी माझा खरंच वाद होतो. ज्यावर ते संगीत उभं राहिलं त्या 1981 च्या रोलँड टीबी-303 या बेस-सिंथवर फिल्टरच्या एन्व्हलपला अटॅक किंवा सस्टेनचा नॉबच नाही. डिके आहे आणि एन्व्हलपचं प्रमाण आहे. ॲक्सेंट दिला की तो स्वर मोठा होतो, फिल्टर जास्त उघडतो आणि डिके आखडतो. हाच 303 जोडीला घेऊन हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली मुंबईत सिंथवर राग वाजवले. शंभर प्रीसेट उतरवण्यापेक्षा हे दोन नॉब घेऊन आठवडाभर बसा. कान तयार करायचा तर तंबोऱ्यापाशी जा. घोडीवर तारेखालचा जीव केसभर सरकवला की जवारी कशी खुलते, मिटते ते ऐका. पुढे कटऑफ फिरवताना कुठे थांबायचं ते कान सांगतो.

शेवटची चूक उत्साही मुलांची. एन्व्हलप, एलएफओ, व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते), की-ट्रॅकिंग, सगळं एकदम कटऑफला जोडायचं. या सगळ्यांची बेरीज होते, कटऑफ पुन्हा छताला टेकतो आणि आपण परत पहिल्या तक्रारीवर. एक जोडा, ऐका, मग दुसरं. मी मैदानासाठी एन्व्हलप आणि व्हेलॉसिटी एवढंच ठेवतो आणि मॉड व्हीलला, म्हणजे कीबोर्डच्या डावीकडच्या चाकाला, कटऑफ थोडासा जोडतो. रात्री हवा बदलते, गर्दी वाढते, आवाज दबला वाटतो. तेव्हा डावा अंगठा नखभर पुढे सरकवला की पुरतं.