टेलोमरेज: खडू हातात आल्यावर उडालेली फजिती

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल मॅडमनी माझ्या हातात खडू दिला. विषय टेलोमरेज, म्हणजे क्रोमोसोमची टोकं (टेलोमियर) लांबवणारं एंझाइम. "टेलोमरेज कुठे बसतं, काढ." मी लॅगिंग स्ट्रँडच्या (डीएनएची कॉपी होताना तुकड्यातुकड्यांनी बनणाऱ्या साखळीच्या) टोकाचा प्रायमर (सुरुवातीला लागणारा आरएनएचा छोटा तुकडा) पुसला, खड्डा दाखवला आणि टेलोमरेज थेट त्या खड्ड्यात बसवलं. "फाइव्ह-प्राइम टोक वाढवणारं एंझाइम कुठून आणलंस?" (फाइव्ह-प्राइम आणि थ्री-प्राइम ही डीएनएच्या साखळीची दोन टोकं.) आजही आठवलं की कान तापतात.

एंड रिप्लिकेशन प्रॉब्लेम, म्हणजे टोकाचा प्रायमर निघाल्यावर ती जागा भरता येत नाही आणि दर कॉपीला टोक आखूड होतं, हा तुम्हाला येतो असं धरते. घसरायला होतं ते पुढे. टेलोमरेज खड्डा भरत नाही! बेस जोडले जातात ते थ्री-प्राइमलाच. म्हणजे आखूड साखळी तशीच राहते आणि आधीच लांब असलेली, जी-बहुल (जी हा बेस जास्त असलेली) साखळी आणखी लांबते. उलटं वाटतं ना? मला वर्षभर वाटत होतं.

कागद घ्या. माणसाच्या टेलोमियरमध्ये पुन्हापुन्हा येणारं टीटीएजीजीजी तीन-चारदा लिहा, पण शेवट जीटीटीएजीवर करा. एका चिटोऱ्यावर टेलोमरेज स्वतःबरोबर बाळगतं त्या आरएनएचा साचा थ्री-प्राइमकडून लिहा: सी ए ए यू सी सी सी ए ए यू सी. अक्षरं 11. पहिली पाच डीएनएच्या टोकाशी जुळतात, उरलेल्या सहांवरून जीजीटीटीएजी तयार होतं. आता चिटोरा सहा घरं पुढे सरकवा. पुन्हा तेच. 1984 च्या ख्रिसमसला बर्कलीत टेलोमरेज शोधणाऱ्या कॅरल ग्रायडरना टेट्राहायमेना या एकपेशीय जीवावरच्या प्रयोगात, डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर जी पट्ट्यांची शिडी दिसली, तिच्या पायऱ्या सहा-सहा बेसच्या का होत्या, ते इथे हाताला कळतं.

समोरची साखळी? ती नंतर, नेहमीसारखा प्रायमर टाकून, पॉलिमरेज अल्फा हे डीएनए बनवणारं एंझाइम भरतं. तरी थ्री-प्राइमचं शेपूट लोंबतंच.

टेलोमियरला बुटाच्या नाडीच्या टोकाची उपमा देऊन विषय संपवणाऱ्या सरांचा मला राग येतो. नाडीला थ्री-प्राइम नसतो. आणि सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स? माझी चूक तिथूनच आली होती. पण घाबरू नका, चिटोरा एकदा सरकवलात की हे विसरता येत नाही. त्या व्हायव्हात मी पासही झाले.

पुढे ट्रॅप (TRAP) चाचणी, म्हणजे पेशींतलं टेलोमरेज काम करतंय का ते पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवून) बघणारी चाचणी, कराल तेव्हा एका ट्यूबमधल्या पेशींच्या एक्स्ट्रॅक्टला (अर्काला) आधी आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं एंझाइम, द्या. साचा आरएनएचा, तो गेला की शिडी गेलीच पाहिजे. माझी गेली नाही. गडबड पीसीआरमध्ये होती, आणि ती शोधण्यात तीन आठवडे गेले.