खाण्यासाठी ट्रिप काढताय? प्लॅन करताना या चुका टाळा

एखाद्या ठिकाणी फक्त तिथलं खायला म्हणून जाणारे लोक आता भरपूर झालेत आणि मला ते मनापासून आवडतं, पण बहुतेकांच्या प्लॅनमध्ये कुठे खायचं याची भलीमोठी लिस्ट असते आणि कधी खायचं, पोचू तेव्हा भूक असेल का, याचा पत्ताच नसतो. ट्रिप फसते ती इथेच.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एका दिवसात पाच-सहा ठिकाणं कोंबणं. रील्स सेव्ह करून करून लिस्ट वाढत जाते, मग नाश्ताच दोन ठिकाणी, अकराला अजून काहीतरी, दुपारचं जेवण, चारला गोड, आणि पोट भरलंय हे मेंदूला कळायला साधारण 20 मिनिटं लागतात त्यामुळे पहिल्याच ठिकाणी आपण गरजेपेक्षा जास्त खाऊन मोकळे होतो आणि ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो ते रात्रीचं ताट नुसतं चिवडत बसतो. दिवसाला मेन जेवण एकच ठरवा. ते आधी लिहा, त्याच्या आधीचे तीन-चार तास चालायचं काहीतरी ठेवा, आणि मधलं सगळं खाणं एका प्लेटमध्ये दोघंतिघं. एक वेळचं जेवण तर मुद्दाम मोकळं सोडा, कारण तिथे गेल्यावर कोणीतरी भारी जागा सांगतंच.

मग येते किचनची वेळ. मॅपवर रात्री अकरापर्यंत ओपन दिसतं म्हणून लोक पावणेअकराला पोचतात आणि लास्ट ऑर्डर कधीच होऊन गेलेली असते, बऱ्याच ठिकाणी ती बंद व्हायच्या अर्धा ते एक तास आधी घेतात. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मध्ये किचन बंद ठेवणारी ठिकाणंही खूप असतात, त्यामुळे साईटसीइंग उरकून चारला निवांत जेवू म्हणणारे हमखास उपाशी. आठवड्याची सुट्टी बघा. सणाचंही बघा, कारण घरचीच माणसं चालवतात ती छोटी ठिकाणं नेमकी सणाला बंद असतात, आणि चांद्र कालगणनेवरचे सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात म्हणजे गेल्या वर्षीची माहिती चालत नाही. आदल्या दिवशी एक फोन करा, उद्या चालू आहे का आणि तो पदार्थ मिळेल का, दोन्ही विचारा. मासे, फळं, रानभाज्या या गोष्टी सीझनच्या असतात, हॉटेल उघडं असलं तरी ते मिळेलच असं नाही.

नुसते स्टार बघून जाऊ नका. 4.6 हा आकडा कित्येक वर्षांची सरासरी असतो, आचारी सहा महिन्यांपूर्वी बदलला असेल तर त्यात ते दिसणारच नाही. रिव्ह्यू उघडा, सगळ्यात नवीन आधी असं लावा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांचे वाचा, त्यातही एक-दोन स्टारवाले नीट वाचा. तक्रार वेटिंगची किंवा पार्किंगची असेल तर बिनधास्त जा, पण दोघातिघांनी वेगवेगळ्या दिवशी चव बदलली असं लिहिलं असेल तर सोडून द्या. मग गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा. जो पदार्थ बहुतेक टेबलांवर दिसतो तोच तिथे मागवायचा. आणि पदार्थाचं नाव तिथल्या लिपीत कॉपी करून मॅपवर टाकून बघा, बऱ्याचदा टुरिस्टांच्या लिस्टमध्ये नसलेली ठिकाणं वर येतात.

पिन टाकल्या की प्लॅन झाला असं नाही हं. एका भागातल्या पिन एका दिवसात घ्या, आणि जायला लागणारा वेळ बघताना तुम्ही निघणार ती वेळ टाका, रात्री घरी बसून बघितलं तर रिकामा रस्ता दिसतो. प्रत्येक मेन ठिकाणाच्या चालत जाण्याच्या अंतरावर एक प्लॅन बी हवाच. पोचायच्या दिवशी महत्त्वाचं बुकिंग ठेवू नका, विमान लेट झालं तर टेबलही जातं आणि काही ठिकाणी न आल्याचे पैसेही कापतात.

पोटाच्या बाबतीत मात्र मी जरा कडक आहे, कारण दुसऱ्याच दिवशी पोट बिघडलं की सगळी ट्रिप गेली. 5 ते 60 डिग्री सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात आणि शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून समोर गरम करून देतात आणि गर्दीमुळे माल पटापट संपतो तिथे रस्त्यावरचं खायला हरकत नाही, पण तासन्‌तास कोमट पडलेला बुफे टाळा, तो कितीही पॉश असो. बर्फाने जंतू मरत नाहीत, त्यामुळे पाण्याचा भरवसा नसेल तिथे बर्फ, कापलेली फळं, कच्चं सॅलड नको. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच स्वच्छ पाण्यात मिसळायची.

शाकाहारी असाल किंवा ॲलर्जी असेल तर नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, रस्सा कशाच्या पाण्यात केलाय, फोडणी कुठल्या चरबीत, तळणाचं तेल वेगळं आहे का, हे तिथल्या भाषेत एका कार्डवर लिहून घ्या. ॲलर्जीवाल्यांनी ते कार्ड नेट नसताना पण दाखवता येईल असं ठेवा, प्लीज.

आणि येताना लोणची, चटण्या, सॉस आणणार असाल तर हँडबॅगेत टाकू नका, बऱ्याच विमानतळांवर 100 मिलीच्या वरचं असलं काही काढून घेतात. परदेशातून मांस, फळं, बिया आणायच्या असतील तर नियम आधीच बघा, जप्त होतात आणि जाहीर केलं नाही तर काही देशांत दंडही बसतो.