कांदा-लसूण मसाल्याचं पॅकिंग मशीन बनवून घेताना मेकर कसा निवडावा

हळद, धनेपूड पॅकिंग मशीनच्या ऑगरमधून, म्हणजे पूड मोजून पाउचमध्ये सोडणाऱ्या फिरत्या स्क्रूमधून, सरळ उतरते. कांदा-लसूण मसाला उतरत नाही. त्यात तळलेला कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं, तीळ आणि वर तेल, त्यामुळे पूड ओलसर आणि चिकट असते. कॅटलॉगमधलं मशीन जसंच्या तसं घेतलं, तर हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या वरच्या टाकीत, ऑगरभोवती पोकळी पडते, स्क्रू रिकामा फिरतो आणि पाउच हलके पडायला लागतात. म्हणून मेकर शोधायला निघण्याआधी स्वतःचा माल मोजून घ्या.

एक लिटरचं माप घ्या. मसाला वरून सैल सोडून काठोकाठ भरा, पट्टीने सपाट करा आणि वजन घ्या. मग तेच माप ओट्यावर शंभरेक वेळा हलकं आपटा, माल खाली बसेल तसा वरून भरत राहा, पुन्हा वजन घ्या. समजा सैल 450 ग्रॅम आणि बसलेला 620 ग्रॅम भरला. फरक 170 ग्रॅम, म्हणजे 620 च्या सुमारे 27 टक्के. हा आकडा 25 च्या वर गेला की माल वाहायला अवघड समजावा. दुसरी चाचणी मुठीची. मूठभर मसाला आवळा आणि मूठ उघडा. मुटका तसाच राहिला, बोटाने टोचल्यावर दोन तुकडे झाले पण विखुरला नाही, तर साध्या हॉपरने भागणार नाही. आत ढवळणी लागेल, आणि तिला ऑगरपेक्षा वेगळी, वेग कमी-जास्त करता येणारी मोटर लागेल.

आता एका कागदावर गरज लिहा: कोणकोणती वजनं, पाउचची रुंदी आणि लांबी, रोज किती किलो, वीज सिंगल फेज की थ्री फेज, कॉम्प्रेसर किती एचपीचा. वेगवेगळ्या रुंदी कमीत कमी ठेवा, कारण कॉलर मशीनवर प्रत्येक रुंदीला वेगळी कॉलर (सपाट फिल्मला वळवून नळीचा आकार देणारा भाग) आणि नळी लागते. सेंटर सीलच्या (मागे मधोमध उभा जोड असलेल्या) 110 मिमी रुंद पाउचला साधारण 240 मिमी फिल्म लागते. 100 आणि 200 ग्रॅमचे पाउच एकाच रुंदीत, फक्त लांबी बदलून बसवले तर एक कॉलर वाचते आणि साइज बदलायचा वेळही वाचतो.

वेगाबाबत सावध राहा. कोटेशनमधले ‘मिनिटाला 60 पाउच’ हा बहुतेक वेळा रिकाम्या मशीनचा वेग असतो. चिकट मसाल्याचा 100 ग्रॅमचा पाउच मिनिटाला 35 निघाला तरी चांगलं. आठ तासांच्या पाळीत रोल बदलणं, सफाई, जेवण वजा जाता साडेसहा तास धरा: 13,650 पाउच, म्हणजे 1,365 किलो. तुमची गरज 800 किलोची असेल तर वेगासाठी जादा पैसे देऊ नका. तो पैसा वजनाच्या अचूकपणावर घाला. पाउचमागे 2 ग्रॅम जास्त गेले, तर याच पाळीत 27.3 किलो मसाला फुकट जातो. किलोला 400 रुपये धरले तरी रोजचे 10,920 रुपये.

मेकर वसई, भोसरी, अहमदाबाद, फरिदाबाद या भागांत भरपूर आहेत. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्याला वसईहून फिटर यायला एक रात्र लागते, दूरच्या मेकरकडून दोन-तीन दिवस. तेवढा काळ मशीन बंद राहणार, हे दरातल्या फरकाशी ताडून पाहा.

पहिल्या फोनवरच माणूस कळतो. चांगला मेकर आधी माल मागतो: ‘25 किलो मसाला आणि तुमचाच छापील लॅमिनेट (पाउचच्या फिल्मचा) रोल पाठवा.’ माल न बघता किंमत आणि डिलिव्हरीची तारीख सांगणारा बाजूला ठेवा. ‘सगळं तुमच्या मनासारखं नवीन डिझाइन करून देतो’ म्हणणाऱ्यालाही जपून असावं. मशीनचा सांगाडा, फिल्म ओढणारे बेल्ट, सीलिंग जॉ (पाउच दाबून चिकटवणारे गरम जबडे) हे त्याचे नेहमीचे, चालून सिद्ध झालेलेच असू द्या. बदल फक्त हॉपर, ढवळणी, ऑगर आणि कॉलर एवढ्यात करा. सगळंच नवं असेल तर त्याच्या प्रयोगाचा खर्च तुमच्या शेडमध्ये निघतो.

त्याच्या शेडवर जाऊन यायलाच हवं. ऑगर तो स्वतः बनवतो की बाहेरून आणतो, हे विचारा. बाहेरून आणला तर वाईट नाही, पण सहा महिन्यांनी दुसरा ऑगर हवा झाला तर ड्रॉइंग त्याच्याकडे असलं पाहिजे. पॅनलचं दार उघडायला सांगा. प्रत्येक वायरच्या टोकाला नंबराची छोटी पांढरी नळी, म्हणजे फेरुल, आहे का? तेच नंबर ड्रॉइंगवर आहेत का? फेरुल नसलेल्या पॅनलमध्ये एक सैल वायर शोधायला दिवस जातो, असलेल्यात फोनवरून सांगूनही ती सापडते.

मालाला स्पर्श करणारे भाग 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, असं ऑर्डरमध्ये लिहून घ्या. 202 स्टील दिसायला तसंच, आणि लोहचुंबक दोघांनाही जवळपास चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाची चाचणी इथे फसते. स्टीलच्या दुकानात थेंबांचं टेस्ट किट मिळतं. 202 मध्ये मँगनीज जास्त असल्याने त्यावर थेंब लाल होतो. हॉपरच्या आतल्या बाजूला आणि ऑगरच्या पात्यावर, दोन्हीकडे तपासा. मसाल्यातल्या मिठापुढे 202 लवकर डागाळतं.

मग त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांकडे जा, मशीन किमान दोन वर्षं चाललेलं असेल तिथे. मालकापेक्षा ऑपरेटरशी बोला: शेवटचं काय बिघडलं, फिटर किती दिवसांत आला, हीटर किती वेळा बदलले?

ट्रायल हा सगळ्या निवडीचा गाभा. ती तुमच्या मसाल्यावर, तुमच्या लॅमिनेटवर आणि सलग दोन तास झाली पाहिजे. रव्यावर दहा मिनिटं चालवून दाखवलेली ट्रायल काहीच सांगत नाही. चिकट माल ऑगरवर थर धरायला अर्धा-पाऊण तास घेतो आणि वजन तिथून सरकायला लागतं. आधी दहा रिकामे पाउच एकत्र तोलून एका पाउचचं वजन काढा. मग तासातासाने ओळीने निघालेले 30 पाउच घ्या, निवडून नाही, आणि प्रत्येकाचं निव्वळ वजन लिहा. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 प्रमाणे 100 ग्रॅमच्या पाउचला वजन कमी भरण्याची जास्तीत जास्त सूट 4.5 ग्रॅम आहे, 200 ला 9 ग्रॅम. पण सरासरी छापील वजनाच्या खाली जाता कामा नये. तुमची अट याहून कडक ठेवा: 100 ग्रॅमला दीड ग्रॅम इकडे-तिकडे. वजन हॉपर रिकामा होत जाताना घसरत असेल तर लेव्हल सेन्सर (हॉपरमधल्या मालाची पातळी ओळखणारा) नाही किंवा नीट लावलेला नाही. ऑगरवरचा मालाचा भार एकसारखा राहिला तरच वजन एकसारखं पडतं.

लीकसाठी भरलेले पाउच पाण्यात धरून हाताने दाबा. बुडबुडे बहुधा आडव्या सीलच्या मधोमध येतात, कारण उडालेली पूड तिथे अडकते. अशा वेळी मेकर तापमान वाढवतो. त्याने सील जळकं होतं, लीक तसंच राहतं. खरा इलाज म्हणजे ऑगर थांबताच माल तोडणारी झडप, कॉलरजवळ धूळ ओढणारी नळी आणि जॉ मिटण्याआधी थोडी उसंत. हे तीनही तिथेच करून दाखवायला सांगा.

पैसे तीन टप्प्यांत द्या: सही केलेल्या ड्रॉइंगवर 40 टक्के, ट्रायल पास झाल्यावर डिस्पॅचआधी 50, आणि तुमच्या शेडमध्ये सलग पाच दिवस माल काढल्यावर उरलेले 10. कोटेशनवर जीएसटी, भाडं, विमा, फिटरचा येण्याजाण्याचा खर्च वेगळा लिहून घ्या. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून नव्हे, मशीन चालू झाल्यापासून धरा. तारीख-बॅच छापणारा कोडर कोण बसवणार आणि त्याला सिग्नल कोण देणार, हेही लिहा. नाहीतर कोडरवाला आणि मशीनवाला एकमेकांकडे बोट दाखवतात.

स्पेअरमध्ये निदान दोन थर्मोकपल (सीलचं तापमान मोजणारे), चार हीटर, एक सुरी, एक जोडी ओढबेल्ट, एक आय-मार्क सेन्सर (फिल्मवरची छापील खूण ओळखणारा) आणि टेफ्लॉन कापडाचा रोल मशीनबरोबरच घ्या. शेवटचे 10 टक्के देण्याआधी पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आणि स्क्रीनचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर मागा, पासवर्डसकट. पीएलसी जळाला तर नवा बाजारात मिळतो. त्यातला प्रोग्राम फक्त मेकरकडे असतो, आणि मेकरने धंदा बंद केला असेल तर कुठेच नसतो.