फर्नेस पेटतो आणि पाच सेकंदांत विझतो: माझा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो. बेसमेंटमधला, घर गरम ठेवणारा गॅस फर्नेस जानेवारीत अचानक रुसला. लक्षण असं: छोटा पंखा फिरायचा, इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) लालबुंद व्हायचा, बर्नर भप्पकन पेटायचे आणि चार-पाच सेकंदांत विझायचे. तीनदा हेच, मग लॉकआउट, म्हणजे फर्नेस प्रयत्न सोडून बंदच.

फिल्टर बदलला, थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलल्या, बाहेरच्या पाइपच्या तोंडावरचा बर्फ काढला. फरक शून्य. लेकरं घरात जाकिटं घालून जेवत होती, जीव अगदी मेटाकुटीला आला.

दोष होता फ्लेम सेन्सरचा. ज्योत लागल्याचं ही बारीक दांडी फर्नेसच्या कंट्रोल बोर्डाला कळवते, तेही अगदी काही मायक्रोअँपिअर करंटवर. तिच्यावर पुटं चढली की बोर्डाला ज्योत दिसत नाही आणि तो गॅस बंद करतो.

आधी थर्मोस्टॅट बंद, मग फर्नेसचा स्विच, मग गॅसचा कॉक पाइपला आडवा, म्हणजे बंद. पुढचं झाकण काढलं. आमच्याकडे सेन्सर इग्नायटरच्या विरुद्ध टोकाला आहे: एकच वायर, पांढरं चिनीमातीचं बूड, एकच पाव इंची स्क्रू. इग्नायटरला मात्र हात लावू नका, तो फार ठिसूळ असतो. वायर ओढून काढली, स्क्रू सोडवला. दांडीवर राखाडी थर होता. बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासली (सँडपेपर नको, चरे पडतात), कोरड्या फडक्याने पुसली. परत बसवली, वायर जोडली. झाकण नीट दाबून लावा, नाहीतर आतला दरवाजाचा स्विच दाबला जात नाही आणि फर्नेस सुरूच होत नाही. मग गॅस, स्विच, थर्मोस्टॅट.

पहिल्याच खेपेला बर्नर पेटले ते पेटलेलेच राहिले.

गॅसचा वास आला तर मात्र यातलं काहीही न करता आधी घराबाहेर पडा आणि तिथूनच गॅस कंपनीला फोन करा.