घरी बायपॅप लावताना: एका मोटर मेकॅनिकच्या नोंदी

बायपॅप म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन. त्याच्या मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात. त्यांतून सारखी शूं करत हवा जाते. ती बुजवू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण मी ती बुजवली होती.

बार्शीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तीस वर्षं गळती शोधायची आणि बंद करायची, हाच धंदा. आईला दवाखान्यातून घरी आणलं, पहिल्या रात्री मशीन सुरू केलं, भोकांतून हवा लागली आणि हात आपोआप काळ्या इन्सुलेशन टेपकडे गेला. वीसेक मिनिटांत आईला घाम फुटला, मास्क ओढून काढायला लागली. मशीन देऊन गेलेल्या माणसानं नळी कुठं जोडायची एवढंच दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी छातीच्या डॉक्टरांनी समजावलं: आई श्वास सोडते ती हवा त्याच भोकांतून बाहेर पडते. ती बुजली की सोडलेली हवाच परत आत जाते. काही मास्कना भोकं नसतात, तिथं नळीवर वेगळी वाट ठेवलेली असते. दोन्हींपैकी एक हवंच.

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. विडीला कधी हात लावला नाही. चाळीस वर्षं चुलीपुढं फुंकणी फुंकली, तेवढं पुरलं. या आजारात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर काढणं अवघड होतं, हे मला फार उशिरा कळलं. शेतातला गुंडाळायचा चपटा पाईप आठवा. आत पाणी आहे तोवर गोल राहतो, मोटर बंद झाली की चपटा पडतो. आईच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्यांची ताकद गेलीय. श्वास सोडताना त्या अशाच मिटतात आणि मागची हवा आत अडकते. त्या अडकलेल्या हवेवर पुढचा श्वास घ्यायचा. छाती फुगलेलीच राहते, छातीखालचा श्वासपटलाचा स्नायू ताणून सपाट होतो आणि दमतो. रात्री झोपेत श्वास आणखी उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साठत जातो. सकाळी डोकं ठणकणं, दिवसभर गुंगी, ही त्याची खूण.

बायपॅप दोन दाब देतं. आईचे 16 आणि 6 आहेत. श्वास सोडताना 6 राहतो, म्हणून नळ्या आतून धरल्या जातात, मिटत नाहीत. शिवाय आत अडकलेल्या हवेचा दाब मोडून मगच नवी हवा आत येते, ते कष्टही कमी होतात. श्वास घ्यायला लागली की दाब 16 वर जातो, श्वास भरतो, हवेची अदलाबदल वाढते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, दमलेल्या स्नायूला विश्रांती मिळते. 16 म्हणजे 16 सेंटिमीटर पाण्याचा दाब. वीतभरही नाही. शंभर फूट पाणी चढवणाऱ्या मोटरी हाताळणाऱ्या मला तो खेळण्यातला वाटला होता. हे आकडे आईचे आहेत, रक्तवायूची तपासणी करून ठरवलेले. तुमच्या माणसाला लावू नका, आणि मशीनच्या सेटिंगला स्वतः हात घालू नका. मलाही मोह झाला होता. स्वस्तातलं सीपॅप 'तेच आहे' म्हणून विकणारे भेटतात. ते एकच दाब ठेवतं, साठलेला कार्बन डायऑक्साइड काढायला फरकाचे दोन दाब लागतात.

आता ऑक्सिजन. रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणाऱ्या बोटाच्या यंत्रावर 86 दिसलं म्हणून मी एकदा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन, मिनिटाला 1 लिटरवरून थेट 4 वर नेलं. आकडा 97 झाला, मी खूश. तासाभरात आई हाकेला 'ओ' देईना. अशा रुग्णांत जास्त ऑक्सिजननं कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो आणि बोटाचं यंत्र तो दाखवतच नाही. आम्हाला 88 ते 92 हीच हद्द घालून दिलीय. 92 च्या वर गेलं की खूश व्हायचं नाही, नळ कमी करायचा. सुरू करताना आधी मशीन, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. उलट केलं तर बंद मशीनमध्ये ऑक्सिजन साठतो आणि आगीचं भय. देवघरातला दिवा आणि उदबत्ती आम्ही दुसऱ्या खोलीत नेली.

सवय लावायला घाई करू नका. आईला पट्टे न बांधता, दिवसा, मास्क स्वतःच्या हातानं तोंडावर धरायला दिला. दुपारच्या मालिकेत अर्धा तास, संध्याकाळी हरिपाठ ऐकताना अर्धा तास. चौथ्या दिवशी पट्टे बांधले. माणसाला आडवं करून, मशीन चालू असतानाच पट्टे बसवा. बसून बसवलेला मास्क आडवं झालं की सरकतो. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. डोक्यावरचा पदर काढायला आई तयार होईना. पदरावरून पट्टा घसरायचा, शेवटी सुती टोपी शिवली. नाकातली चमकी काढावी लागली, त्यावर दोन दिवस अबोला. दात नसल्यानं गाल आत गेलेत, डाव्या गालाकडून हवा निसटायची आणि डोळ्यात जायची. मास्कचा आकार बदलला तेव्हा थांबलं. नाकाच्या हाडावर लाली दिसली की लगेच डॉक्टरांना दाखवा, तिथं जखम होते.

जेवण झोपायच्या दीड-दोन तास आधी. हवा पोटातही जाते, भरल्या पोटी मळमळतं. उलटी होतेय असं वाटलं की आधी मास्क काढायचा, बाकी सगळं नंतर. आईला तो स्वतः काढता येतो का हे आम्ही आधी दहा वेळा करून घेतलं. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्या खोलीत कुणीतरी झोपलंच पाहिजे.

ओलावा देणाऱ्या भांड्यात मेडिकलमधलं डिस्टिल्ड पाणी. दुकानात बॅटरीच्या पाण्याचे कॅन पडलेत म्हणून विचारलं, डॉक्टरांनी हात जोडले. पाणी रोज बदला. नळी आणि मास्क साबणाच्या कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवा.

आमच्याकडं वीज जाते. इन्व्हर्टरवर मशीन छान चालतं, पण पाणी गरम करणारा हीटर बॅटरी खातो, तो बंद ठेवा. इन्व्हर्टरही संपला तर मास्क लगेच काढा. बंद मशीनचा मास्क तोंडावर ठेवणं म्हणजे पुन्हा माझी टेपच.

किती तास? आम्हाला रात्री किमान 6 सांगितलेत. दवाखान्यातून सुटल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही कार्बन डायऑक्साइड वाढलेलाच राहिलेल्या 116 रुग्णांचा ब्रिटनमधला अभ्यास 2017 साली छापून आला. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांतले निम्मे साधारण 1.4 महिन्यांत परत भरती झाले किंवा गेले. ऑक्सिजनला मशीनची जोड असलेल्यांत तो काळ 4.3 महिने होता. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर आईनं चमकीचा विषय सोडला.

बेडका पिवळा-हिरवा होऊन वाढला, पाय सुजले तर त्याच दिवशी डॉक्टर. माणूस गुंगीत बरळतोय, मशीन लावूनही 88 च्या खाली आहे, किंवा छातीत अचानक एका बाजूला कळ आली, तर वाट न बघता थेट दवाखाना. आणि अंघोळीचं पाणी बंबावर तापवणं बंद करा. आमच्याकडं ते बंद व्हायला मशीन येऊन दोन महिने गेले, याची लाज वाटते.

मास्क लावल्यावर हाक मारता येत नाही. आईच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असतो. एकदा वाजवला तर पाणी, सारखा वाजवला तर मास्क काढ. पहाटे पाचला मात्र तो चहासाठी वाजतो.