क्युरास बॉडिस अंगावर बसवताना : या चुका टाळा

1870 च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात आणि अमेरिकेत क्युरास बॉडिस, म्हणजे स्त्रियांच्या पोशाखाचा वरचा घट्ट भाग, रूढ झाला. ‘क्युरास’ म्हणजे छातीचे चिलखत, आणि नावाप्रमाणेच हा बॉडिस खांद्यापासून नितंबांपर्यंत अंगाला सलग बिलगून बसतो. त्याला कमरेवर आडवी शिवण नसते, त्यामुळे सारा आकार उभ्या शिवणींनी आणि पुढच्या टक्सनीच (टोकाकडे निमुळत्या शिवलेल्या चुण्यांनी) द्यावा लागतो. नाटकासाठी किंवा निव्वळ हौसेने तो स्वतः शिवणाऱ्यांची फसगत बहुधा एकाच प्रकारे होते : चुणी जिथे दिसते तिथेच ती आवळण्याचा प्रयत्न होतो, आणि तिचे मूळ मात्र वीतभर दूर असते.

पहिली चूक टेप हातात घेतानाच होते. हा बॉडिस कॉर्सेटवर, म्हणजे कंबर आवळणाऱ्या ताठ अंतर्वस्त्रावर, घालायचा असतो, आणि कॉर्सेटमुळे छाती वर येते, कंबर बारीक होते व पाठ ताठ राहते. म्हणजे घेर तर बदलतोच, पण खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबीही बदलते. म्हणून आतले सर्व कपडे आधी पूर्ण करावेत, ते घालूनच मापे घ्यावीत, आणि मांजरपाटाचा कच्चा नमुनाही त्यांच्यावरच घालून पाहावा. कॉर्सेट वापरायचे नसेल तरी हरकत नाही, पण मग मापे स्वतःच्या मोकळ्या अंगाचीच हवीत. साध्या अंतर्वस्त्रांवर मापे घेऊन नंतर कॉर्सेट चढवले, तर नमुन्यातील एकही रेघ जागेवर राहत नाही.

सर्वांत जास्त कापड वाया जाते ते कमरेच्या पातळीपायी. आपल्याकडील साडीचा ब्लाउज कमरेच्या बराच वर संपतो आणि सलवारीची नाडी बेंबीखाली बांधली जाते, त्यामुळे स्वतःची खरी कंबर नेमकी कुठे आहे याचा अंदाज अनेकींना नसतो. बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते तिथे एक नाडी बांधावी, आणि प्रत्येक वेळी बॉडिस घालून पाहताना ती तशीच ठेवावी. बॉडिसचा सर्वांत अरुंद भाग या नाडीच्या अर्धा इंच जरी खाली आला, तरी तो शरीराच्या रुंदावणाऱ्या भागावर अडकतो, तिथून वर सरकतो, आणि जास्तीचे कापड कमरेच्या वर आडव्या घड्यांच्या रूपाने गोळा होते. माझ्या पहिल्या बॉडिसच्या वेळी या घड्या घालवण्यासाठी मी बगलेखालच्या शिवणी तीनदा आत घेतल्या. घड्या वाढत गेल्या आणि शेवटी हूक लागेनासे झाले. ते होणारच होते, कारण घेर जितका कमी करावा तितके कापड अधिक जोराने वर ढकलले जाते.

अशा वेळी आधी कमरेखालच्या शिवणी दोन-तीन इंच उसवून पाहाव्यात. घड्या नाहीशा झाल्या, तर नितंबांवरचा घेर कमी पडत होता असे समजावे आणि तिथे माया (शिवणीच्या आतले जादा कापड) सोडावी. घड्या तशाच राहिल्या, तर लांबी जास्त आहे. मग कमरेच्या वर आडवी चुणी घेऊन ती टाचण्यांनी पक्की करावी. ही चुणी पुढे आणि मागे सारखीच येईल असे मात्र मुळीच नाही. ज्यांच्या कमरेला मागे खोल बाक असतो त्यांना पाठीत पाऊण इंच आणि पुढे जवळजवळ काहीच काढावे लागत नाही. हा फरक आधी कागदी नमुन्यावर उतरवावा आणि मगच चांगल्या कापडाला कात्री लावावी.

मुंढ्याची, म्हणजे बाही जोडण्याच्या गोलाईची, चूक याहून वाईट, कारण ती भरून निघत नाही. नमुना बगलेत काचू लागला की आपला हात आपोआप कात्रीकडे जातो आणि मुंढा खाली खोल केला जातो. त्या काळातील मुंढा मुद्दाम लहान आणि बगलेच्या अगदी जवळ असे. मुंढा खाली गेला की बाहीची जोडणीही बरगड्यांवर उतरते, आणि हात उचलताच संपूर्ण बॉडिस वर खेचला जातो. काच जाणवला तर आधी मुंढ्याच्या मायेत पाव इंचाचे काप द्यावेत. पुष्कळदा केवळ ताठ मायाच टोचत असते. तेवढ्याने भागले नाही, तर मुंढ्याची पुढची कड, म्हणजे दंड छातीला टेकतो तेवढीच, थोडी कोरावी. तळाला हात लावू नये.

पाठीविषयी थोडेच सांगायचे आहे. या बॉडिसची पाठ आजच्या ब्लाउजपेक्षा अरुंद असते आणि खांद्याची शिवण खांद्याच्या माथ्यावर नसून मागे उतरलेली असते. ती ‘चुकून मागे गेली’ असे समजून पुढे ओढू नये.

अस्तराच्या बाबतीत आपली सवय आड येते. वेगळे शिवून आत सोडलेले सैल अस्तर इथे उपयोगाचे नाही. प्रत्येक तुकड्याचे वरचे कापड आणि धुऊन आटवलेले पक्के सुती अस्तर एकावर एक सपाट ठेवून, कडेने कच्चा धावदोरा घालून, पुढे दोन्ही थर एकच कापड मानून शिवायचे असतात. टक्सच्या मधल्या रेघेवरही धावदोरा घालावा, नाहीतर मशीनखाली थर सरकतात आणि टक्सचे टोक पिळवटते. ते टोक छातीच्या सर्वांत उंच बिंदूच्या सुमारे एक इंच खाली संपावे.

आता राहिल्या बॉडिस ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या. त्या काळी टक्सवर आणि शिवणींवर आतून ‘व्हेलबोन’ बसवत (नाव हाडाचे असले तरी तो व्हेलच्या तोंडातील गाळणीचा लवचिक भाग असतो). आज हार्डवेअरच्या दुकानातील रुंद केबल टाय (वायरी बांधण्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) हे काम चांगले करतात. पट्टी टक्सच्या टोकापर्यंत नेली तर ती छातीखाली कापड उचलून धरते, म्हणून ती थोडी अलीकडेच थांबवावी आणि कापलेले टोक घासून गोल करावे.

एवढे करूनही बॉडिस वर चढत असेल, तर आतली कंबरपट्टी विसरली आहे का ते पाहावे. ही जाड, न ताणणारी फीत केवळ मागच्या शिवणींच्या मायेला कमरेच्या पातळीवर टाचलेली असते आणि पुढे स्वतंत्र हुकाने बंद होते. पॅरिसच्या वर्थ या प्रसिद्ध शिवणगृहाचे नाव याच पट्टीवर विणलेले असे. बॉडिसच्या घेरापेक्षा ती अर्धा-एक इंच आखूड ठेवावी, आणि घालताना तिचा हूक आधी लावून मग पुढची बटणे लावावीत, म्हणजे कमरेचा ताण फितीवर येतो आणि बटणांच्या मधली फट मिटते.